अठ्ठावीस हजार दोनशे बत्तीस

पडद्यावर 'सर्व्हर झोपला' असं उमटलं आणि मोडतोडेने सवयीने खालचा आकडा वाचला. अठ्ठावीस हजार दोनशे बत्तीस. ओळखीचं कुणी दिसल्यावर हलवावी तशी त्याने मान हलवली, चहाचा कप तोंडाला लावला, आणि मग त्याची नजर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात गेली. कुठल्या मशीनवर चाचणी चालली आहे त्याचा पत्ता तिथे असतो. पत्त्याच्या शेवटी सात हवा होता, तिथे एक होता. बोट घसरलं असणार. सात नंबरच्या मशीनवर ऑफिसातल्या ताईचा प्रोग्रॅम होता, ज्याची गेले सहा आठवडे तो चाचणी घेत होता. एक नंबरचं मशीन कालच खोक्यातून बाहेर काढलेलं, अंगावरचं प्लास्टिकसुद्धा अजून तसंच. त्याच्यावर ताईचा काय, कुणाचाच प्रोग्रॅम नव्हता. मशीन जिवंत आहे की नाही एवढं बघायला कुणीतरी दहा ओळींचं एक बावळट काम त्यावर सोडलं होतं, येईल त्याला फक्त 'हो' म्हणायचं, बस. आणि ते बावळटसुद्धा नेमकं अठ्ठावीस हजार दोनशे बत्तीसवर झोपलं होतं. मोडतोडेने घोट गिळला. चहा गरम होता, जीभ पोळली, पण ते त्याला दुपारी कळलं.

मोडतोडे हे काही त्याचं आडनाव नव्हे. आडनाव वेगळं होतं, नावही होतं, दोन्ही पगाराच्या कागदावर छापून येत असत. पण बारा वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू मोडून दाखवायची नोकरी केल्यावर ऑफिसने त्याचं बारसं परत केलं, आणि तेच टिकलं. त्याचं त्याला वाईट वाटत नसे, उलट आतून जरा बरंच वाटे. त्याचं खास काम म्हणजे सॉकेट मोजणं. सॉकेट म्हणजे, त्याने बायकोला एकदा समजावून सांगितलं होतं तसं सांगायचं तर, दोन कॉम्प्युटरमध्ये फोन लागला की दोन्हीकडे कानाला लावायला जे टोक लागतं ते. एकेका मशीनला अशी किती टोकं एका वेळी धरता येतील याला सीमा असते, आणि ती सीमा कुठे आहे ते शोधायला मोडतोडे एका मशीनवरून दुसऱ्याला फोन करत सुटे. शंभर, हजार, दहा हजार, आणि एकही खाली ठेवायचा नाही. पलीकडचं मशीन कधी हात टेकतं याची वाट बघत बसायचं. "म्हणजे तुला पगार मिळतो तो लोकांना छळायचा," बायको म्हणाली होती. त्यावर तो बराच वेळ बोलला होता. आपल्या बाजूची सीमा आधी कशी काढून टाकावी लागते, सिस्टिम एका प्रोग्रॅमला सुरुवातीला हजार चोवीसच टोकं देते, ती आपण कशी दहा लाखांवर नेऊन ठेवली आहे, म्हणजे आपल्या बाजूला आता सीमाच कशी नाही. हे सांगताना त्याचा आवाज चढला होता आणि छाती फुगली होती. बायको तेव्हा गादीची खोळ बदलत होती. एक टोक धर, म्हणाली.

अठ्ठावीस हजार दोनशे बत्तीस हा आकडा आता ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ झाला होता. वादळ येतंय ही सूचना एकाच वेळी पन्नास हजार फोनना पोहोचवायची, असं ऑफिसने घेतलेलं काम. पन्नास हजार फोन सतत जोडलेले राहायला हवेत. ताईने एकटीने वर्षभर खपून प्रोग्रॅम लिहिला होता. ताई वयाने मोडतोडेहून आठ वर्षांनी लहान, पण रुजू झाली त्या दिवशीच तिने साहेबांना मोडकी खुर्ची बदलून द्या असं भर मीटिंगमध्ये सुनावलं आणि साहेबांसकट सगळे तिला ताई म्हणायला लागले. पहिल्या चाचणीत तिचा सर्व्हर अठ्ठावीस हजार दोनशे बत्तीसवर झोपला. तिने प्रोग्रॅम दुरुस्त केला. परत तोच आकडा. तिने अर्धा प्रोग्रॅम मोडून नव्याने लिहिला. तोच. मोडतोडे हरखून गेला होता. त्याच्या धंद्यात आकडे नेहमी हलत, आज वीस हजार तर उद्या एकोणीस हजार आठशे. हा एकानेही हलत नव्हता. इतका खरा आकडा आपल्या हाताला आयुष्यात लागला नव्हता, असं त्याला वाटे, आणि जेवणाच्या सुट्टीत तो कुणालाही गाठून ते ऐकवी. "माझ्याकडे काही चूकच दिसत नाही हो," ताई येऊन म्हणायची. "फोन यायचे बंद होतात, एवढंच दिसतं." त्यावर मोडतोडेने एकदा म्हटलं होतं, "ताई, झोपलेल्याला आपण झोपलोय हे कळत नसतं." सगळे खो खो हसले होते. कुणीतरी ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं. अजून होतं ते तिथे, बाजूने चौकट करून. मोडतोडेने आत्ता मान वळवून ते वाचलं आणि त्याला दरदरून घाम फुटला.

कागद ओढून त्याने वजाबाकी केली. खरं म्हणजे करायची गरज नव्हती, फळ्यावरचं वाक्य वाचलं तेव्हाच उत्तर आलं होतं. फोन घेणाऱ्यालाच नव्हे, करणाऱ्यालाही आपल्या बाजूने एक नंबर लागतो. तो नंबर मशीन आपणहून देतं, तिकीटखिडकीवरच्या माणसाने देत जावं तसं, बत्तीस हजार सातशे अडुसष्टपासून साठ हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत. तिथे नंबर संपतात. पहिला आणि शेवटचा धरून ते होतात अठ्ठावीस हजार दोनशे बत्तीस. म्हणजे ताईचा सर्व्हर झोपलाच नव्हता. तो बिचारा टक्क जागा, आणखी फोन येतील म्हणून वाट बघत बसलेला, आणि मोडतोडेच्याच मशीनकडे नंबर उरले नव्हते. दहा लाख टोकं मोकळी करून ठेवली होती खरी, पण नंबरांचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. बरं, सिस्टिमने सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं, स्पष्ट, दर वेळी, की बाबा रे, माझ्याकडचे नंबर संपले. पण ते वाचणार कोण? सात वर्षांपूर्वी एका रिकाम्या दुपारी मोडतोडेने आपल्या चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहिली होती, की काहीही कारणाने फोन लागला नाही तर पडद्यावर 'सर्व्हर झोपला' असं छाप. गंमत म्हणून. तेव्हा शेजारच्या खुर्चीवरचा हसला होता, त्यामुळे ती ओळ राहिली. सात वर्षं ती ओळ त्याच्या वतीने दुसऱ्यांवर आळ घेत होती आणि तो ती वाचून मान हलवत होता. गाढव आहेस, तो स्वतःशीच म्हणाला. अगदी हलकेच, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. अकराला मीटिंग होती. त्या मीटिंगमध्ये काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं. ताईचा प्रोग्रॅम रद्द, बाहेरून तयार विकत घ्यायचा, आणि ताईची बदली खालच्या मजल्यावर, जिथे बारा जण हेडफोन लावून दिवसभर 'आपण एकदा बंद करून चालू करून बघाल का' असं म्हणत असतात. मोडतोडे उठला आणि जिन्यात गेला. लिफ्ट असताना जिन्यात कुणी येत नसे, त्यामुळे विचार करायला ती जागा बरी. सुटायच्या वाटा भराभर सुचू लागल्या, इतक्या भराभर की त्यालाच आश्चर्य वाटलं. दुपारी चार मशीनवरून परत चाचणी घ्यायची आणि गुपचूप 'सुधारित आकडा' पाठवून द्यायचा. 'बदललेल्या परिस्थितीत' असे शब्द घालायचे. परिस्थिती कुणी बदलली ते कोण विचारतंय? किंवा मीटिंग होऊ द्यायची, आठवड्याने 'असं निदर्शनास आलं आहे की' अशी सुरुवात करायची. या वाक्यात माणूसच नसतो, हे त्याचं मोठं सुख. निदर्शनास आपोआप येतं, जसा पाऊस येतो. पण आठवड्याने ताई खालच्या मजल्यावर हेडफोन लावून बसलेली असणार. मोडतोडेने कठडा धरला. तो गार होता आणि जरा चिकट.

आणि मग, सांगायला हसू येतं, पण त्या कठड्याला धरून उभा असताना त्याला ताईचं काही आठवेना, स्वतःच्या घरातलेच आकडे आठवायला लागले. कारण मोजायची खोड काही ऑफिसपुरती नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बायको रागावून बहिणीकडे गेली होती. मोडतोडेने फोन करायचा नाही असं ठरवलं, बघू तर खरं किती ताणते. चौथ्या दिवशी ती परत आली, आणि तेव्हापासून नऊ वर्षं तो मित्रांना सांगत आला होता, आमच्या हिचा राग चार दिवस टिकतो, पक्का आकडा आहे, पाचवा दिवस नाही. चौथ्या दिवशी फोन कुणी केला होता? कठडा धरून मोडतोडेने नीट आठवून पाहिलं. सकाळी साडेसहाला, दात न घासता, आवाज घोगरा, 'कधी येतेस' असं म्हणत कुणी केला होता? तसंच आईचं. आई फोनवर दहा मिनिटंच बोलते, मग थकते, असं तो सगळ्यांना सांगे. अगदी घड्याळ लावून बघितलेलं. आई गुडघ्याचं सांगते, शेजारणीच्या सुनेचं सांगते, नळाचं सांगते, आणि नवव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, 'बरं, ठेवू मग?' ते कोण म्हणतं, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. आई त्यावर नेहमी 'हो हो, ठेव' म्हणते, घाईघाईने, मुलाचा वेळ मोडला म्हणून. अकराव्या मिनिटाला ती काय बोलली असती? बेचाळीस वर्षांच्या बाप्याला त्या जिन्यात एकदम रडू यायला लागलं, आणि नेमका त्याच वेळी वरच्या मजल्यावरचा शिपाई पाण्याचा बाटला खांद्यावर घेऊन उतरला. "लिफ्ट बंद आहे काय हो?" त्याने विचारलं. मोडतोडे म्हणाला, नाही, चालू आहे. शिपायाने कपाळावर हात मारला आणि उरलेले जिने शिव्या देत उतरला.

त्याने बायकोला फोन लावला. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती.

"बोल लवकर, समोर गिऱ्हाईक आहे."

"एक गोष्ट झाली आहे. म्हणजे तसं बघितलं तर सिस्टिमच्या एका मर्यादेमुळे—"

"अरे, तुझी चूक आहे का?"

"तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर..."

"हो की नाही?"

"हो."

"कुणाचं नुकसान होतंय?"

"ताईचं. अकरा वाजता."

"मग माझ्याशी काय बोलत बसलायस?" ती म्हणाली, आणि मग लगेच दुसऱ्याच आवाजात, "नाही हो आजी, तुम्हाला नाही. तुम्ही खालची ओळ वाचा."

फोन बंद झाला. मोडतोडेला क्षणभर तिचा भयंकर राग आला. इतकं सोपं असतं का? बारा वर्षं एका माणसाने एकच गोष्ट कमावली होती, की मोडतोडेचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती पुसायची, तीसुद्धा स्वतःच्या हाताने, सगळ्यांच्या देखत. लोक काय म्हणतील ते त्याला शब्दन् शब्द ऐकू येत होतं, कारण दुसऱ्यांच्या चुका सापडल्यावर ते सगळं तोच म्हणत आला होता.

मीटिंगच्या खोलीत खुर्च्या कमी आणि माणसं जास्त. मोडतोडे दाराजवळ उभा राहिला. ताई टेबलाच्या टोकाला बसली होती, समोर वही, वहीवर पेन आडवं, अगदी रेघेला रेघ लावून ठेवलेलं. तिचे डोळे आत गेले होते. एवढे दिवस हे आपल्याला दिसलं कसं नाही, असं त्याला वाटलं, आणि मग कळलं की दिसलं होतं, पण त्याने ते आपल्या कामाचं यश म्हणून मोजलं होतं. साहेबांनी घसा साफ केला. "तर, आकडा काय मी सांगायला नको." दोघंतिघं हसले. साहेब तसे वाईट नव्हते, पण अवघड बोलायचं असलं की ते आधी विनोद करत. "ताई, तुम्ही मेहनत केलीत, त्याबद्दल दुमत नाही."

"मी बोलू का?" ताई म्हणाली. तिने कुणाकडे बघितलं नाही. "मी तीनदा लिहिलं सगळं. आकडा एकानेही हलला नाही. तीनदा लिहूनही तीच चूक होत असेल, तर ती चूक प्रोग्रॅममध्ये नसते ना, लिहिणाऱ्यात असते. मला नाही जमलं. खाली जायला माझी ना नाही."

मोडतोडेने जिन्यात एक वाक्य घोटून ठेवलं होतं. चांगलं होतं, त्यात 'अनवधानाने' हा शब्द दोनदा येत होता. ते सगळं डोक्यातून पार उडालं.

"नाही हलणार तो," तो म्हणाला. "तो माझा आहे."

"काय तुमचं?" साहेबांनी विचारलं.

"आकडा. अठ्ठावीस हजार दोनशे बत्तीस. तो ताईंचा नाहीच. माझ्या मशीनचे नंबर तिथे संपतात. सर्व्हर झोपत नाही, मीच फोन करायचा थांबतो. आणि पडद्यावर सर्व्हर झोपला असं येतं ते... ते मी लिहिलंय. सात वर्षांपूर्वी."

"का लिहिलं होतं तसं?" साहेबांनी विचारलं, आणि त्यांना खरंच कळत नव्हतं.

"गंमत म्हणून."

कुणी हसलं नाही. "मग ताईंच्या सर्व्हरची खरी सीमा किती?" साहेब म्हणाले.

"माहीत नाही."

बारा वर्षांत हे दोन शब्द त्याच्या तोंडून ऑफिसने ऐकले नव्हते. ताईने मान वर केली. तिचा चेहरा उजळेल, ती सुटकेचा श्वास टाकेल, निदान डोळ्यांत पाणी येईल, असं काहीतरी त्याने जिन्यात मनाशी धरलं होतं हे कबूल करायला हवं. तसं काही झालं नाही. ताई उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर आली आणि उभी राहिली.

"सहा आठवडे," ती म्हणाली. "माझ्या बहिणीला मुलगी झाली. मी अजून बघितली नाही तिला. दर रविवारी म्हणायचे, आज आकडा हलला की जाईन."

"ताई, मी—"

"तुम्ही बोलू नका. मी तुम्हाला दहा वेळा सांगितलं, माझ्याकडे चूक दिसत नाही. दहा वेळा! तुम्ही ते फळ्यावर लिहिलंत."

"फळ्यावर मी नाही लिहिलं," मोडतोडे म्हणाला, आणि तोंडातून शब्द गेल्यावर त्याला वाटलं, जीभ छाटून टाकावी.

साहेबांनी मधे पडून मीटिंग मोडली आणि म्हणाले, बघूनच टाकू. सहा टेबलांवरची सहा मशीनं घेतली, प्रत्येकाने दहा हजार फोन करायचे. टेबलवाले आपापल्या खुर्च्यांमागे हात बांधून उभे राहिले. मोडतोडेने आधी ती ओळ खोडली. मग सहाही मशीनं सुरू केली आणि एकूण आकडा भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर टाकला. ताई दूर खिडकीशी उभी राहिली, पडद्याकडे पाठ करून. वीस हजार. पंचवीस हजार. अठ्ठावीस हजार. ताईचे खांदे वर चढलेले त्याला मागून दिसत होते. अठ्ठावीस हजार दोनशे तेहतीस दिसायलासुद्धा मिळाला नाही, आकडा इतक्या वेगाने पुढे गेला. तीस, चाळीस. पन्नास हजारला साहेबांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. साठ हजारला फोन करणारेच संपले आणि ताईचा सर्व्हर तसाच, आणखी कुणी आहे का म्हणून वाट बघत राहिला. ताई वळली. तिने पडदा बघितला, हातातलं पेन खिडकीत ठेवलं आणि तिथेच जमिनीवर बसून हुंदके देऊन रडली. दोन बायका धावल्या. मोडतोडे आपल्या जागेवरून उठला, परत बसला. जवळ जायचा हक्क आपल्याला नाही, एवढं त्याला कळत होतं.

"दोष नोंदवून टाका," अर्ध्या तासाने साहेब येऊन म्हणाले. "नियमाने. म्हणजे बदलीचं पत्र मला रीतसर फाडता येईल." दोष नोंदवायचा एक अर्ज कॉम्प्युटरवरच होता. मोडतोडेने भराभर भरला. काय घडलं, कधी घडलं, किती दिवस चाललं. शेवटी रकाना होता, 'दोष कोणाचा'. तिथे टाइप करता येत नसे, यादी उघडून नाव निवडावं लागे. त्याने यादी उघडली. वरून खाली गेला, खालून वर आला. ऑफिसातले सगळे एकोणचाळीस जण होते. साहेब होते. शिपाई होता. ताईचं नाव सहा आठवडे सारखं निवडून अगदी वर येऊन बसलं होतं. तो स्वतः नव्हता. यादी त्यानेच केली होती, रुजू झाला त्या वर्षी, पुढे नवी माणसं आली तशी नावंही तोच घालत गेला, आणि स्वतःला त्यात घालावं असं त्याला सुचलंच नव्हतं. तो यादीकडे बघत राहिला.

"सरका," मागून आवाज आला. ताई होती. डोळे लाल, तोंड धुतलेलं, केस ओले. किती वेळ उभी होती कोण जाणे. तो सरकला. तिने कीबोर्ड ओढून घेतला आणि यादीत नवीन नाव घालायची जागा उघडली. बोटं कीबोर्डवर ठेवली आणि थांबली.

"खरं नाव काय हो तुमचं?"

त्याने सांगितलं. आडनावही सांगितलं. ताईने एकेक अक्षर दाबत दोन्ही लिहिलं, ते निवडलं आणि त्याला न विचारता बटण दाबलं. नवीन दोष नोंदवला की तो सगळ्यांच्या मोबाइलवर जाई, हीसुद्धा त्यानेच घालून दिलेली पद्धत. चाळीस मोबाइल या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम वाजले. माना खाली गेल्या. लोक वाचू लागले, एकमेकांना दाखवू लागले, खांदे उडवू लागले.

"हा कोण नवीन?" पलीकडच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने विचारलं.

मोडतोडे खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"मी," तो म्हणाला.